परदेशात कंपनी काढायची आहे, पण व्हिसाचं काय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामदासपेठेतल्या आमच्या टेबलासमोर बसून लोक जे विचारतात तेच खाली लिहिलं आहे, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. विचारणाऱ्यांत परसोडीच्या आयटी पार्कमधली पोरं असतात, इतवारीतले व्यापारी असतात, हिंगणा-बुटीबोरीचे कारखानदार असतात, आणि मुलं डॅलसला किंवा दुबईला असलेले आईवडीलही असतात.

हे लिहायला बसण्याचं कारण माझा मावसभाऊ. त्याने एका एजंटामार्फत अमेरिकेत एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली, नोंदणीचा दाखला फ्रेम करून बैठकीत लावला आणि पर्यटन-व्यवसायाचा व्हिसा घेऊन निघाला. विमानतळावर अधिकाऱ्याने "कशासाठी आलात?" असं विचारलं तेव्हा त्याने जे होतं तेच सांगितलं: माझी कंपनी आहे, दुकान चालवायला आलोय. त्याला परतीच्या विमानात बसवलं. तो खोटं बोलला नव्हता. कंपनी आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला निघण्याआधी कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरात असं होऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं.

परदेशात माझ्या नावावर कंपनी असली, तर तिथं राहायचा हक्क मिळते का?

नाही मिळत. काही देशांत कंपनीमुळे व्हिसा मागायची वाट उघडते, पण ती वाट वेगळी चालावी लागते.

वाडीच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे बघा. त्याच्या नावावर दहा ट्रक असतील, दहाही आरसी बुकं तिजोरीत असतील. पण अवजड वाहनाचं लायसन्स नसेल तर त्यातला एकही ट्रक तो स्वतः अमरावती रोडवर काढू शकत नाही. ट्रक त्याचा, भाडं त्याचं, पण स्टिअरिंगवर बसायला वेगळा कागद लागतो. कंपनीच्या नोंदणीचा दाखला म्हणजे आरसी बुक. कामाचा परवाना देणारा व्हिसा म्हणजे लायसन्स.

हे दोन कागद देणारी कार्यालयंही वेगळी असतात. अमेरिकेत कंपनीची नोंदणी राज्य सरकार करतं, तर व्हिसा आणि प्रवेश केंद्र सरकारच्या हातात. वायोमिंग राज्याचं नोंदणी कार्यालय तुमचं नागरिकत्व विचारत नाही. तुम्ही तिथे राहू शकता की नाही हे ठरवणं त्याचं कामच नाही. पण "त्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे चालते" असा अर्थ लोक काढतात आणि तिथेच फसतात.

मग व्हिसा नसताना, नागपुरात बसूनच कंपनी काढता येईल का?

येईल. अमेरिकेची एलएलसी, इंग्लंडची लिमिटेड कंपनी, सिंगापूरची प्रायव्हेट लिमिटेड, या सगळ्या त्या देशात पाऊल न टाकता काढता येतात, आणि १०० टक्के मालकी तुमची राहू शकते. धरमपेठेतल्या घरातून लॅपटॉपवर काम करून अमेरिकी ग्राहकाला तुमच्या एलएलसीच्या नावाने बिल पाठवलंत, तर त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. काम भारतात होतंय, तुम्ही भारतात आहात.

बारकावे मात्र देशागणिक बदलतात. अमेरिकेत अनिवासी परदेशी माणूस एस-कॉर्पोरेशनचा (जिथे कर कंपनीऐवजी भागधारकांवर लागतो) भागधारक होऊ शकत नाही, एलएलसी किंवा सी-कॉर्पोरेशन (नेहमीची कंपनी) चालते. इंग्लंडमध्ये संचालक तिथे राहणारा असावा अशी अट नाही, पण कंपनीचा नोंदणीकृत पत्ता तिथलाच लागतो, आणि नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांना ओळख पडताळणी करावी लागते. सिंगापुरात किमान एक संचालक स्थानिक रहिवासी असावाच लागतो. त्यासाठी तिथल्या संस्था पैसे घेऊन माणूस देतात. त्या माणसावर कायद्याने संचालकाची पूर्ण जबाबदारी येते, म्हणून तो तुमच्याकडून हमी आणि अनामत मागतो. मागितली तर रागावू नका.

माझ्याकडं अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-वन/बी-टू व्हिसा आहे. त्याच्यावर जाऊन आपल्याच कंपनीचं काम पाहिलं तर काय बिघडते?

सगळ्यात जास्त लोक हाच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांचा मुक्काम नव्हे. व्हिसा हे फक्त दारापर्यंत जाण्याचं पत्र. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावर ठरतं आणि आय-९४ या नोंदीत दिसतं. बहुतेक वेळा ती मुदत सहा महिन्यांपर्यंतची असते. उतरल्यावर ती नोंद ऑनलाइन उघडून तारीख बघायचीच.

दुसरी गोष्ट, बी-वनवर, म्हणजे व्हिसाच्या व्यवसायाच्या भागावर (बी-टू पर्यटनाचा), काय चालतं. ग्राहकांशी आणि भागीदारांशी बैठक, कराराची बोलणी, प्रदर्शन आणि परिषद, ऑर्डर घेणं, गोदामाची जागा बघणं, वकिलाला भेटणं हे सगळं चालतं. काय चालत नाही? गल्ल्यावर बसणं, गोदामात माल भरणं, तिथल्या ग्राहकाच्या ऑफिसात जाऊन सॉफ्टवेअर बसवून देणं, कामगारांची रोजची पाळी लावणं. थोडक्यात, तुम्ही नसता तर त्या कामासाठी तिथला माणूस पगारावर ठेवावा लागला असता का, हे स्वतःला विचारा. उत्तर "हो" आलं तर ते काम बी-वनवर करू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. अधिकाऱ्यासमोर "फिरायला आलोय" म्हणायचं आणि आत जाऊन दुकान चालवायचं, याला तिथला कायदा खोटं बोलून प्रवेश मिळवणं मानतो, आणि त्याची शिक्षा कायमची प्रवेशबंदी असू शकते. मुदतीपेक्षा १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. एजंट "सगळेच करतात" म्हणतो. पण बंदी त्याच्या पासपोर्टवर लागत नाही.

पण मी पगारच घेणार नाही. मग ते काम कसं?

पगार नसला तरी काम ते कामच. आपल्याच कंपनीत फुकट राबलात तरी त्यातून वाढणारा धंदा तुमचाच असतो, त्यामुळे "मोफत करतो" हे उत्तर अधिकारी मान्य करत नाहीत. भागधारक म्हणून नफ्याचा वाटा घेणं वेगळं. त्यासाठी तिथे असण्याचीही गरज नाही.

एजंट म्हणतो एक लाख डॉलर गुंतवा, इन्व्हेस्टर व्हिसा मिळते. खरं आहे का?

तो ई-टू व्हिसाबद्दल बोलतोय. तो व्हिसा अमेरिकेशी तसा व्यापारी करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो, आणि भारत त्या यादीत नाही. भारतीय पासपोर्टवर ई-टू नाही, व्यापाऱ्यांचा ई-वनही नाही. एजंटाच्या ऑफिसातून उठून यायला एवढं पुरेसं आहे.

यावर काही जण तसा करार असलेल्या ग्रेनेडा या बेटावरच्या देशाचं नागरिकत्व विकत घेऊन त्या पासपोर्टवर ई-टू मागायची वाट दाखवतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला: गुंतवणुकीतून नागरिकत्व घेतलेल्या माणसाला आधी त्या देशात सलग तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. शिवाय आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचं संपतं. बायको-मुलांसह असा निर्णय घेण्याआधी घरात सगळ्यांनी बसून बोलावं, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

भारतीयांना खुला असलेला गुंतवणुकीचा मार्ग ईबी-५ आहे. त्यात ठरावीक भागांत किंवा प्रकल्पांत किमान ८ लाख डॉलर, नाहीतर १० लाख ५० हजार डॉलर आणि १० पूर्णवेळ नोकऱ्या लागतात. पैसा कुठून आला याचा कागद न् कागद तपासला जातो. ज्यांचे जमिनीचे व्यवहार अर्धे रोखीत झालेत त्यांनी हा विचार सोडावा.

माझा हिंगण्याला कारखाना आहे, ४० माणसं आहेत. अमेरिकेत शाखा काढून मी स्वतः जाऊ शकतो का?

तुमच्यासाठी एल-वन-ए, म्हणजे आपल्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेत व्यवस्थापक म्हणून बदलीवर जाण्याचा व्हिसा, बघण्यासारखा आहे. माझ्या मते विदर्भातल्या चालत्या धंद्याला हा सगळ्यात प्रामाणिक रस्ता आहे, आणि लोकांना तोच सगळ्यात कमी माहीत असतो.

अट अशी: गेल्या तीन वर्षांत तुम्ही भारतातल्या कंपनीत सलग एक वर्ष व्यवस्थापकीय किंवा वरिष्ठ पदावर काम केलेलं असावं, आणि भारतातली कंपनी आणि अमेरिकेतली कंपनी यांचं मालकीचं नातं असावं, म्हणजे मूळ कंपनी आणि उपकंपनी, किंवा दोन्हींचा मालक एकच. मालक स्वतःही या व्हिसावर जाऊ शकतो. नवी शाखा असेल तर पहिली मंजुरी एकच वर्षाची मिळते. त्या वर्षात खरी जागा भाड्याने घेतलेली, खरा धंदा सुरू झालेला, आणि तुमच्या हाताखाली माणसं आलेली दिसली तर पुढची मुदतवाढ मिळते. एकूण मर्यादा सात वर्षांची. नवरा किंवा बायको एल-टूवर सोबत आली तर त्यांना कामाची परवानगी त्या दर्जाबरोबरच असते.

इथे एक चूक वारंवार होते. माणूस तिकडे जातो आणि इकडचा कारखाना हळूहळू बंद पडू देतो. एल-वनचा अर्थच दोन्हीकडे धंदा चालू असणं हा आहे. हिंगण्याचं शटर पडलं की तिकडच्या व्हिसाचा पाया जातो. तेव्हा जाण्याआधी इथे मागे कोण बघणार, भाऊ की मॅनेजर, हे पक्कं करा. आणि तिकडे दुकानात तुम्ही एकटेच असाल, माल उचलण्यापासून बिल करण्यापर्यंत सगळं तुम्हीच करत असाल, तर मुदतवाढीच्या वेळी "हा व्यवस्थापक कुठे आहे?" असा प्रश्न येतो.

आपल्याच अमेरिकन कंपनीतून स्वतःला एच-वन-बी देता येतो का?

एच-वन-बी म्हणजे विशेष शिक्षण लागणाऱ्या नोकरीचा व्हिसा. जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे: निम्म्याहून जास्त मालकी असलेला माणूसही लाभार्थी होऊ शकतो, पण त्याचा बहुतांश वेळ विशेष शिक्षण लागणाऱ्या त्या कामातच गेला पाहिजे, आणि पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ प्रत्येकी १८ महिन्यांपुरतीच. सोडत मात्र चुकत नाही. वर्षाला ८५ हजार जागा आणि त्यासाठी कितीतरी जास्त अर्ज. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली. नागपुरातून नव्याने निघणाऱ्या छोट्या उद्योजकासाठी हा मार्ग आज व्यवहार्य नाही असं मी सरळ सांगतो.

मुलगा एच-वन-बीवर डॅलसला आहे. त्याच्या नावानं तिकडं कंपनी काढली तर बरं नाही का?

काकू, मालकी त्याच्या नावावर ठेवता येईल, पण राबता येणार नाही. एच-वन-बी ज्या कंपनीने काढला त्याच कंपनीचं काम करण्याची ती परवानगी आहे. तो आपल्या कंपनीचे शेअर ठेवू शकतो, नफा घेऊ शकतो. पण शनिवार-रविवारी ऑर्डर पॅक करणं, ग्राहकांना ईमेल करणं हे काम झालं. नोकरीवरचा व्हिसा त्यात जाऊ शकतो, आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी हे निघतं.

सून एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, असेल आणि तिच्याकडे कामाची परवानगी देणारं ईएडी कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. त्या कार्डावर ती नोकरीही करू शकते आणि धंदाही. हे कार्ड सगळ्याच एच-फोरना मिळत नाही. साधारणपणे मुलाचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर झालेला असावा लागतो.

मुलगी एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकत असेल तर शिकत असताना फक्त मालकी. शिक्षण संपल्यानंतरच्या ओपीटीच्या (विद्यार्थ्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीच्या) पहिल्या काळात आपल्या विषयाशी संबंधित स्वतःचा व्यवसाय चालतो. पुढच्या २४ महिन्यांच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) मुदतवाढीत स्वतःच स्वतःचा मालक होऊन काम करणं चालत नाही. असं काही करण्याआधी तिने कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारलंच पाहिजे.

दुबईत तर कंपनी काढली की व्हिसा मिळतोच म्हणतात?

इथे ते बऱ्याच अंशी खरं आहे, आणि म्हणूनच नागपूरच्या लोकांचा कल तिकडे आहे. फ्री झोनमधलं (व्यवसायासाठी आखलेल्या खास क्षेत्रातलं) लायसन्स घेतलं की त्याबरोबर ठरावीक संख्येने निवासी व्हिसा मागता येतात. मालकाला गुंतवणूकदार किंवा भागीदार म्हणून व्हिसा मिळतो, साधारण दोन वर्षांचा. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत फ्री झोनबाहेरही परदेशी माणूस पूर्ण मालक होऊ शकतो, स्थानिक भागीदाराला ५१ टक्के द्यायची जुनी अट राहिली नाही.

पण इथेही लायसन्स आणि व्हिसा हे एक नाहीत. लायसन्सनंतर आस्थापना कार्ड, प्रवेश परवाना, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी अशी रांग आहे. एजंटाच्या जाहिरातीतला स्वस्त दर बहुतेक वेळा शून्य व्हिसाच्या लायसन्सचा असतो. "यात व्हिसा किती, आणि त्यांचा खर्च धरलाय का?" हा प्रश्न पैसे देण्याआधी लिहून विचारा.

व्हिसा झाल्यावर तो टिकवायचाही असतो. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर साधा निवासी व्हिसा रद्द होतो. १० वर्षांच्या गोल्डन व्हिसाला ही अट नाही, पण त्यासाठी पात्रता वेगळी. मालमत्तेतून घ्यायचा तर किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते.

आणि आता करांचं. "दुबईत टॅक्स नाही" हे वाक्य जुनं झालं. जून २०२३ पासून ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे, आणि कर शून्य येत असला तरी नोंदणी करावी लागते. त्याहून मोठा गैरसमज असा की एमिरेट्स आयडी खिशात आला म्हणजे आपण एनआरआय झालो. आयकर खातं तुमचं कार्ड बघत नाही, तुमचे दिवस मोजतं. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त नागपुरात असाल तर तुम्ही भारताचे निवासीच, आणि सामान्यतः तुमची जगभरची कमाई इथे कराला पात्र. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कुठल्याही देशात निवासी म्हणून कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला कमी दिवस राहूनही इथला निवासी धरण्याची तरतूद आहे. हे तिकीट काढण्याआधी सीएसोबत बसून मोजा.

इंग्लंडचं कसं आहे? तिथं तर कंपनी एका दिवसात होते.

होते, पण व्हिसा त्या वेगाने होत नाही. स्टँडर्ड व्हिजिटरवर बैठका, बोलणी, प्रदर्शनं चालतात. जानेवारी २०२४ पासून मुक्कामात थोडंफार आपलं भारतातलं काम लॅपटॉपवर करायलाही परवानगी आहे, फक्त तोच प्रवासाचा मुख्य हेतू नसावा. तिथली आपली कंपनी तिथे बसून चालवायला वेगळा व्हिसा लागतो.

जुना आंत्रप्रेन्योर व्हिसा २०१९ मध्येच बंद झाला. आता त्याच्या जागी इनोव्हेटर फाउंडर व्हिसा आहे. त्यात ५० हजार पौंडांची किमान गुंतवणुकीची अट एप्रिल २०२३ मध्ये काढली, पण तुमची कल्पना नवी, टिकणारी आणि वाढू शकणारी आहे असं मान्यताप्राप्त संस्थेने लिहून द्यावं लागतं. किराणा, सावजी हॉटेल, टॅक्सी यांना ते पत्र मिळणं अवघड. इथली चालती कंपनी असेल तर तिथे शाखा उभी करायला एक्स्पान्शन वर्कर व्हिसावर वरिष्ठ माणूस पाठवता येतो, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि त्यातून कायमचा मुक्काम मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना तिथे स्वतःचा धंदा करायला मनाई आहे. भाच्याच्या नावावर डिलिव्हरीचा धंदा टाकण्याचा विचार करणाऱ्यांनी हे नीट वाचा, त्याचं शिक्षण पणाला लागतं.

सिंगापूर?

मालकी सोपी, मुक्काम कठीण. तिथे राहून काम करायला एम्प्लॉयमेंट पास लागतो. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी किमान मासिक पगार ५,६०० सिंगापूर डॉलर आहे आणि वयाप्रमाणे वाढतो, शिवाय गुणांची परीक्षा. नव्या कंपनीने मालकाला एवढा पगार कशातून द्यायचा, हे आकड्यांनी दाखवावं लागतं.

थायलंडमध्ये छोटं हॉटेल घ्यायचं आहे. तिथला एक ओळखीचा ५१ टक्के नावाला राहायला तयार आहे.

करू नका. १९९९ च्या तिथल्या परदेशी व्यवसाय कायद्याप्रमाणे बऱ्याच व्यवसायांत परदेशी माणसाला निम्म्यापेक्षा कमी हिस्सा ठेवता येतो, आणि नावापुरता स्थानिक भागधारक उभा करणं हा गुन्हा आहे, दोघांसाठीही. शिवाय तो उद्या उलटला तर कागदावर बहुमत त्याचं. कामाचा परवाना वेगळा लागतो, आणि साधारण नियमाने एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी आणि २० लाख बाहत भांडवल दाखवावं लागतं.

एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेतली तर युरोपात राहता येईल ना?

नाही. नावात रेसिडेन्सी आहे, पण ते २०१४ मध्ये सुरू झालेलं डिजिटल ओळखपत्र आहे. त्याने कंपनी काढता येते, ऑनलाइन सही करता येते. शेंगेन व्हिसा तुम्हाला सगळ्यांसारखाच काढावा लागतो.

पैसा नागपुरातून कसा पाठवायचा? एजंट म्हणे कार्डानं भरून टाका.

व्हिसा तिकडच्या सरकारची गोष्ट, ही आपल्या सरकारची, आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते.

ऑगस्ट २०२२ पासूनच्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे शेअर बाजारात नसलेल्या परदेशी कंपनीचा एक शेअर घेतला तरी ती ओडीआय, म्हणजे थेट परदेशी गुंतवणूक. एक डॉलर घातला तरी. एजंटाची फी कार्डाने देणं वेगळं आणि भांडवल घालणं वेगळं. भांडवल पाठवण्याआधी आपल्या बँकेच्या परकीय चलन शाखेत फॉर्म एफसी भरून यूआयएन हा क्रमांक घ्यावा लागतो. तो रिझर्व्ह बँकेच्या नोंदीतून येतो, पण तुम्हाला रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात चकरा मारायची गरज नाही, काम बँकेतूनच होतं. प्रत्येक शाखेला हे जमतं असं नाही. कोपऱ्यावरच्या शाखेतला माणूस "असं काही नसते" म्हणाला तर त्याच बँकेची परकीय व्यवहार बघणारी शाखा गाठा.

एका माणसाला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत पाठवता येतात, सगळ्या कारणांचे मिळून. १० लाख रुपयांच्या वरच्या गुंतवणुकीच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केलेला कर) कापते. तो तुमच्या करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, तेव्हा रोकड तशी ठेवा. स्वतःच्या नावाने गुंतवणूक करणाऱ्याला वित्तीय सेवांचा धंदा करणारी कंपनी काढता येत नाही, आणि आपल्या ताब्यातल्या परदेशी कंपनीखाली आणखी उपकंपनी ठेवता येत नाही. १० टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे त्या कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल, भरायचा.

आयकरात हे दाखवायचं कुठे? कंपनीत तर काही कमाईच झाली नाही.

कमाई शून्य असली तरी दाखवायचं. निवासी माणसाला परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये ही कंपनी आणि तिच्या खात्यावर सहीचा अधिकार असेल तर ते खातंही लिहावं लागतं, आणि तिथे आर्थिक वर्ष नाही, जानेवारी ते डिसेंबर धरतात. आयटीआर-१ चालत नाही. न दाखवल्यास काळा पैसा कायदा २०१५ प्रमाणे १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याची जबाबदारी सुटत नाही.

अमेरिकेकडेही एक कागद आहे. एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला दरवर्षी फॉर्म ५४७२ भरावा लागतो, मालकाने कंपनीत भांडवल घातलं किंवा काढलं तरी तो व्यवहार धरतात. न भरल्याचा दंड २५ हजार डॉलर. डेलावेअर राज्यात नोंदलेल्या एलएलसीचा वार्षिक कर ३०० डॉलर, १ जूनपर्यंत. स्वस्तात कंपनी काढून देणारे हे सांगायचं राहून जातं म्हणतात.

सर, खरं सांगा, मला परदेशी कंपनी लागते का?

विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना लागत नाही. परदेशी ग्राहकाला सॉफ्टवेअर किंवा डिझाइन विकायचं असेल तर नागपूरची प्रोप्रायटरशिप किंवा प्रायव्हेट लिमिटेड पुरते. जीएसटीत एलयूटी (निर्यातदाराचं हमीपत्र) भरला की निर्यातीवर कर लावावा लागत नाही. संत्री, तांदूळ, कापड पाठवायचं तर आयईसी (आयात-निर्यातीचा) क्रमांक लागतो, परदेशी कंपनी नाही. तिकडचा ग्राहक "अमेरिकन कंपनीशीच करार करू" म्हणत असेल, तिकडे गोदाम ठेवायचं असेल, तिकडचे गुंतवणूकदार पैसे घालणार असतील, तेव्हा कंपनी काढायला अर्थ आहे. फक्त व्हिसाच्या आशेने काढलेली कंपनी दरवर्षी खर्च मागते आणि कॉन्सुलेटच्या खिडकीवर तुमच्या बाजूने काहीच बोलत नाही.

माझा जर्मन मित्र नागपुरात कंपनी काढू पाहते. त्याला काय लागेल?

तोच नियम, दिशा उलटी. भारतातल्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तो शेअर घेऊ शकतो, पण किमान दोन भागधारक लागतात आणि एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा असावा लागतो. पैसा बँकेतून आला पाहिजे आणि शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म भरायचा. धंदा उभा करायला येण्यासाठी बिझनेस व्हिसा. कंपनीत पगारावर बसायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसा, ज्याला काही अपवाद सोडले तर वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये पगाराची अट आहे. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या अशा व्हिसावर आला तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी, ऑनलाइन होते. पर्यटक व्हिसावर मिहानमध्ये ऑफिस चालवायला बसला तर त्याचीही माझ्या मावसभावासारखीच गत होईल. मित्राकडे ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल तर हे व्हिसाचे प्रश्न येत नाहीत.

कागदपत्रांवर अपोस्टिल लागते म्हणतात. ते कुठं?

अपोस्टिल म्हणजे कागद खरा आहे हे दुसऱ्या देशाला पटवणारा सरकारी शिक्का. भारत अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे अमेरिका, इंग्लंडसारख्या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल पुरतो. त्याआधी राज्य सरकारच्या पातळीवर पडताळणी होते. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, तिथे दूतावासाची साक्षांकनं वेगळी करावी लागतात आणि वेळ जास्त जातो. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आपल्याला मुंबईच्या कॉन्सुलेटला. पदवी, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट यांतलं नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते निघण्याआधी बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे कधी असतं, कधी नसतं, आणि त्यानेच महिना-दोन महिने जातात.

माझ्याकडून आधीच चूक झाली आहे. कंपनी काढली, बँकेला सांगितलं नाही. आता?

घाबरून कंपनी बंद करून टाकू नका. बंद करण्याचीही नोंद लागते. ओडीआयचे कागद उशिरा भरायला विलंब शुल्काची सोय आहे, आणि मोठं उल्लंघन असेल तर रिझर्व्ह बँकेकडे स्वतःहून जाऊन कंपाउंडिंग, म्हणजे चूक कबूल करून रक्कम भरून प्रकरण मिटवणं, मागता येतं. विवरणपत्रात राहून गेलं असेल तर मुदतीत असेपर्यंत सुधारित किंवा अद्ययावत विवरण भरता येतं का ते सीएला आजच विचारा. व्हिसाच्या फॉर्ममध्ये आधी काही चुकीचं लिहिलं असेल तर पुढच्या फॉर्ममध्ये तेच रेटू नका. त्या देशातल्या इमिग्रेशन वकिलाला, एजंटाला नव्हे, सगळं खरं सांगा आणि तो म्हणेल तसं लिहा. आमच्याकडे येताना नोंदणीचा दाखला, बँकेचे उतारे, कार्डाने भरलेल्या पावत्या आणि एजंटाशी झालेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅप छापून आणा. तारखा त्यातच सापडतात.